बिनतिखटाचे दिवस

आमच्या परभणीला पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी न विचारता कळतात. एक, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमची फुशारकी. आणि दुसरी, पहिल्याच घासाबरोबर, आमचे तिखट. पहिलीचा अर्थ मला अजून कुणी नीट समजावून दिलेला नाही; दुसरीला समजावणीची गरजच पडत नाही. पाहुण्याचा हात पाण्याच्या तांब्याकडे जातो आणि आम्ही यजमान, खोटे कशाला बोलू, मनातून सुखावतो.

माझे माहेर गोदाकाठचे गंगाखेड. लग्न होऊन परभणीला आले तेव्हा सासूबाईंनी माझी परीक्षा घेतली ती ठेच्यावर. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ; तांब्याच्या बुडाने तिथेच रगडायचे. त्या जेवल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पोरीच्या हाताला चव आहे.” चाळीस वर्षे हे प्रमाणपत्र मी मनात जपून ठेवले. चव म्हणजे तिखट, हा हिशेब डोक्यात पक्का बसला तो तेव्हापासून.

गेल्या वर्षी आषाढात एका रात्री ह्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखाना, सलाइन, नळ्या, सगळे झाले. जठरात व्रण निघाला. भेटायला येणारी माणसे सफरचंदे ठेवून जात आणि जाता जाता एखादे वाक्यही ठेवून जात. एक चुलत नणंद तर स्पष्टच बोलली, “वहिनी, तुमच्या ठेच्यानं घात केला.” मी काय बोलणार? त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी चाळीस वर्षांच्या भाकरी मोजत होते आणि प्रत्येक भाकरीवर ठेच्याचा गोळा दिसत होता.

डॉक्टर तरुण होते. सकाळी धीर करून मी विचारलेच, “माझ्या हातच्या तिखटानं झालं का हो हे?” ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितले की असा व्रण बहुतेक वेळा दोन कारणांनी होतो : पोटात घर करून राहणारा एक जंतू आणि अंगदुखीच्या गोळ्या. ह्यांच्या बाबतीत दोन्ही होती; गुडघ्यांसाठी हे परस्पर दुकानातून गोळ्या आणून खात होते आणि मला पत्ता नव्हता. हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन या दोघांनी १९८२ साली ओळखला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन टाकला आणि पोट बिघडवून घेतले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. “मिरचीनं व्रण होत नाही, आजी. पण असलेल्या व्रणाला ती झोंबते. बरा होईपर्यंत बंद ठेवा.” यातले पहिले वाक्य ऐकून मी पदर डोळ्यांना लावला. दुसरे वाक्य खरे ऐकू आले ते घरी, चुलीपुढे उभी राहिल्यावर.

कारण मिरची काढली आणि माझ्या स्वयंपाकात काही उरेना. दुधी केला, तो नुसता दुधी लागला. वरण केले, ते पिवळे पाणी. हे मुकाट जेवत. कधी नाव ठेवले नाही, आणि तेच मला सोसवेना. ज्या माणसाने मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवले होते, तो आता दवाखान्यातल्यासारखा चार घास गिळून उठे. वजन उतरत चालले. सासूबाईंचे प्रमाणपत्र खोटे होते की काय, असे वाटू लागले. हाताला चव होती, की नुसती आग होती?

आमच्या भिंतीला भिंत लागून आपांचे घर आहे. ईदचा शीरखुर्मा इकडे येतो, दिवाळीचा फराळ तिकडे जातो. त्या एके दुपारी आल्या, ह्यांचे ताट पाहिले आणि मला आत नेऊन म्हणाल्या, “भाबी, मिरची निकाले सो ठीक, मगर उसकी जगा खाली कायकू छोडे?”

जागा रिकामी का सोडली! इतके साधे वाक्य. पण मी तशीच डबे काढायला बसले.

पहिला हाती आला तो येसराचा डबा. आमच्या मराठवाड्यात लग्नाकार्याला येसराची आमटी लागते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने असे एकेक मंद भाजून दळतात. त्या आमटीला चव येते ती भाजण्याची, आणि मी त्यावर इतकी वर्षे तिखटाची तर्री ओतून ती बुजवत होते. मग कांदा विस्तवावर साल काळी होईपर्यंत भाजला, खोबऱ्याची वाटी जाळावर धरली, त्यात मिरे दोनच. अंबाडीच्या भाजीला तर मिरचीची गरजच नव्हती; ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ आणि लसणाची फोडणी पुरे झाली. आंबटाने आणि मिठाने तिखटाची भूक भागते हे मला साठीनंतर कळले! कारळ्याची आणि जवसाची चटणी लसूण-जिऱ्यावर उभी राहिली. राहिला रंग. पांढऱ्या रश्श्यावर ह्यांचा विश्वास बसेना, तेव्हा कर्नाटकातली ब्याडगी मिरची आणली, जिला रंग भारी आणि तिखटपणा बेताचा. आम्ही सगळ्या बाया मिरचीचे बी झाडून टाकतो. पण झोंबणारा अंश मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. व्रण भरत आल्यावर, डॉक्टरांना विचारून, ती शीर सोलून एखादी मिरची भिजवून वाटू लागले.

या निमित्ताने आणखी एक गंमत वाचनात आली. तिखट ही चवच नव्हे म्हणे. मिरचीतले कॅप्सेसिन शरीरातल्या त्या यंत्रणेला चेतवते, जी खरे म्हणजे भाजल्याची वर्दी द्यायला आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती १९९७ साली शोधली आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे चाळीस वर्षे मी नवऱ्याला चटके देत होते आणि तो बिचारा त्याला चव म्हणत होता. आयुर्वेदाने मात्र तिखटाला सहा रसांत बसवले आहे, ‘कटु’ या नावाने. मराठीत त्याच कटूचे कडू झाले आणि ते कारल्याकडे गेले. शब्दांनीही कशी घरे बदलावीत!

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला. वय अकरा. आल्या आल्या फर्मान सुटले : “आजी, घरी बर्गर कर. पण तुझ्यासारखा तिखट नको.” ‘तुझ्यासारखा’ हा शब्द मी गिळला. बर्गर हॅम्बुर्गच्या नावाचा, हॅम्बुर्ग जर्मनीत, हे त्यानेच मला सांगितले. मी म्हटले, मग हा पदार्थ परभणीत व्हायलाच पाहिजे.

सणाचे मांस करायचे नव्हते. आपांच्या शामी कबाबाची रीत मला तोंडपाठ होती. त्यातला खिमा वगळला. हरभऱ्याची डाळ आले, लसूण, दालचिनी आणि शहाजिऱ्याबरोबर शिजवली, पाणी पुरते आटवले, उकडलेल्या बटाट्याबरोबर पाट्यावर वाटली. पुदिना भरपूर. मिरे ताजे कुटून. एक लहानशी टिकली आधी तव्यावर भाजून चाखायची, मीठ तिथेच कळते. सगळी थाळी बिघडल्यावर नव्हे. वर लावायला त्याला बाटलीतले काहीतरी पिवळे हवे होते. मी मोहरी फेसली आणि चक्क्यात कालवली. मोहरीची झणक नाकात जाते आणि क्षणात विरते. मिरचीसारखी मुक्कामाला राहत नाही. नातवाच्या डोळ्यांत पाणी आले आणि लगेच हसूही आले. पाव, बटाटा आणि मिरची या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आल्या. तेव्हा त्या ताटात परके काय होते ते मला सांगता येणार नाही.

ह्यांनी एक खाल्ला. दुसरा मागून घेतला. आषाढानंतर यांनी काही मागून घेतले ते हे पहिल्यांदा. मी पाठमोरी होऊन तवा पुसत राहिले.

खरे तर दसऱ्यालाच डॉक्टरांनी व्रण भरल्याचे सांगून हळूहळू पूर्वीसारखे खायला परवानगी दिली होती. ती मी ह्यांच्यापर्यंत पोचू दिली नव्हती. सांगणार होते, उद्या, परवा. पण त्या रात्रीची रक्ताने भरलेली बादली डोळ्यांपुढे येई आणि मी गप्प बसे. नातू हात धुवायला उठला तेव्हा हे हळूच म्हणाले, “अगं, ठेचा आहे का थोडा?”

“घरात ठेचा कुठला आलाय?” मी म्हटले.

“आहे तो. पिठाच्या डब्यामागच्या वाटीत. तू रोज आमच्या माघारी उभ्यानं भाकरीशी खातेस तो.”

चार महिने त्यांना ठाऊक होते! मी वाटी आणली. बोटाच्या टोकावर येईल एवढा ठेचा पावाच्या कडेला लावला आणि समोर बसले. त्यांनी खाल्ला, डोळे पुसले. मीही बाकीचा त्यांच्या ताटाशेजारी बसूनच संपवला.