जतनाच्या दोन रीती

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशरमध्ये ऑल्डनम येथे लंडनच्या बसगाड्यांची एक प्रचंड कार्यशाळा होती. दुरुस्तीला आलेल्या रूटमास्टर बसचे तिथे आधी भाग सुटे केले जात. सांगाडा एकीकडे, पुढच्या-मागच्या चाकांचे उपसांगाडे दुसरीकडे, इंजिन तिसरीकडे. प्रत्येक भाग आपापल्या गतीने दुरुस्त होई आणि जो आधी तयार होईल तो रांगेतल्या पुढच्या गाडीला लागे. त्यामुळे आत गेलेल्या गाडीचा क्रमांक घेऊन जी गाडी बाहेर पडे, ती बहुधा निरनिराळ्या गाड्यांच्या अवयवांची बनलेली असे. कागदोपत्री तीच, धातूने मात्र दुसरीच. १९८६ साली ही कार्यशाळा बंद झाली. आज ज्या जुन्या रूटमास्टर बसगाड्या इंग्रज माणूस जिवापाड जपतो आहे, त्यांतली ‘अस्सल’ कोणती, हा प्रश्न त्यामुळे जवळजवळ निरर्थक ठरतो.

ही हकिकत वडिलांना ऐकवायला हवी होती. ते हैदराबादच्या बस कार्यशाळेत फिटर होते. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली अवघ्या २७ गाड्यांनिशी तिथली बससेवा सुरू केली. त्या वेळची ग्लासगोची एक अल्बियन गाडी बसभवनात जपून ठेवलेली आहे. वडिलांना तिच्याविषयी आदर होता, प्रेम नव्हते. चालते ती गाडी, एवढी साधी व्याख्या होती त्यांची.

रूटमास्टर या व्याख्येत चपखल बसते. १९५६ साली ती लंडनच्या रस्त्यावर आली आणि १९६८पर्यंत २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. युद्धकाळात हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमाने बांधताना अॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याचे जे ज्ञान पदरी पडले, ते या गाडीच्या कामी आले. मागच्या बाजूला उघडा प्लॅटफॉर्म, त्यावर उभा कंडक्टर, आणि सिग्नलला गाडी थांबली की टुणकन उडी मारून चढणारे प्रवासी. ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावरून ती नियमित सेवेतून निवृत्त झाली. लंडनकर हळहळले, पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला त्या प्लॅटफॉर्मवर चढता येत नव्हते, या आक्षेपाला हळहळ हे उत्तर होऊ शकत नाही. वारशासाठी काही मार्गांवर ती त्यानंतरही धावली. ते मार्गही पुढे बंद झाले.

तरीही ती धावतेच. भाची इंग्लंडात स्थायिक असल्यामुळे एका ऑगस्टमध्ये मला विल्टशरमधल्या इंबरला जाता आले. डिसेंबर १९४३मध्ये अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी हे खेडे रिकामे करण्यात आले. सुमारे दीडशे माणसे घरे सोडून गेली. त्यांना पुन्हा राहायला येऊ दिले नाही. सॉल्सबरीच्या पठारावरची ती जागा आजही लष्कराकडे आहे. २००९पासून वर्षातला एक दिवस वॉर्मिन्स्टर स्थानकावरून जुन्या बसगाड्या रीतसर वेळापत्रकानुसार तिथे जातात. गणवेशातले कंडक्टर तिकीट देतात. चालवणारे, झाडणारे, वंगण घालणारे सारे हौशी स्वयंसेवक. ओसाड गावात शाबूत उरलेल्या सेंट जाइल्स चर्चच्या देखभालीला या दिवसाच्या उत्पन्नाचा हातभार लागतो. जिथे प्रवासीच उरले नाहीत अशा गावाला बस जाते, हे ऐकताना हास्यास्पद वाटेल; वरच्या मजल्यावर बसून त्या माळावरून जाताना मला तसे वाटले नाही.

काचेचे शास्त्र अगदी उलटे. भाचीच्या बर्मिंगहॅमला सेंट फिलिप्स कॅथीड्रलमध्ये एडवर्ड बर्न-जोन्सची चार प्रचंड गवाक्षे आहेत, विल्यम मॉरिसच्या कारखान्यात घडवलेली. पहिले १८८५ सालचे, शेवटचे १८९७चे. चित्रकाराचा बाप्तिस्मा याच चर्चमधला. खर्च उचलणाऱ्या बाईंनी येशूजन्माच्या चित्रात बैल नकोत अशी अट घातली आणि बर्न-जोन्सने ती मानली. पोळ्याला बैलापुढे पुरणपोळी ठेवणाऱ्या घरातल्या मला ती गोठ्याविना जन्मकथा थोडी पोरकी वाटली. पण तो लाल रंग! सकाळी दहाच्या उन्हात तो काचेत राहत नाही, फरशीवर उतरतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी या काचा उतरवून वेल्समधल्या एका खाणीत नेऊन ठेवल्या होत्या. नोव्हेंबर १९४०मध्ये बॉम्ब पडला आणि इमारत आतून जळाली, काचा वाचल्या. सगळ्यांचे दैव असे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्याला व्हिक्टोरियन म्हणजे भडक, बेगडी, आजीच्या दिवाणखान्यातले, असे सुशिक्षितांचे मत होते. मोडीत निघणाऱ्या चर्चमधल्या काचांना कोणी विचारीना. १९५८ साली व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली, १९७२ साली ईली येथे अशा काचांना आसरा देणारे संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा कुठे दृष्टी पालटली. पणजोबांचे जुनेपण आपण मिरवतो, आजोबांचे मात्र अडगळीत टाकतो. आपले वाडे विकले गेले ते याच हिशेबाने.

आता या काचांमधला जीव कुठे असतो ते सांगते. निळा, लाल, हिरवा हे रंग काचेच्या अंगातच असतात. रस वितळलेला असतानाच धातूंचे क्षार मिसळून ते आणतात. डोळे, ओठ, वस्त्रांच्या चुण्या मात्र वरून काळपट रंगाने रेखून भट्टीत भाजतात. १८७०च्या सुमारास हा रंग कमी आचेवर बसावा म्हणून त्यात टाकणखार मिसळण्याची टूम निघाली. टाकणखाराला ओल सोसत नाही. पन्नास-शंभर वर्षांत रंग सुटला आणि त्या काळच्या कित्येक संतांचे चेहरे पुसले गेले. झगे तेजस्वी, वर कोरी गोरी काच.

बस असती तर दुसऱ्या गाडीचा चेहरा बसवून मोकळे झाले असते. इथे ते चालत नाही. जुन्या काचेला ब्रश लावायचा नाही, हा जपणाऱ्यांचा दंडक. मग एका पातळ, साध्या काचेवर हरवलेले नाक-डोळे रंगवून ती मूळ काचेच्या मागे बसवतात. उजेड दोन्हींतून येतो, चेहरा दिसतो, आणि उद्या कोणाला ते चुकीचे वाटले तर ती मागची काच काढून घेता येते. इतका संयम मी माणसांच्या बाबतीतही क्वचित पाहिला आहे.

आणि तरीही एक गोष्ट निसटली. ही काच तोंडाने फुंकून करतात: लांबट फुगा फुंकायचा, त्याची दोन्ही टोके कापायची, उभा चिरायचा आणि पुन्हा तापवून सपाट उलगडायचा. कारागिरी जपणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने २०२३ साली हे कसब त्या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. आता दुरुस्तीची काच जर्मनी-फ्रान्समधून येते. गवाक्षे राहिली, फुंकणारा गेला.

इंबरच्या त्या गाडीच्या स्वयंसेवक मेकॅनिकची पेटी उघडी होती. आत इंची मापाचे पाने होते, वडिलांच्या पेटीतले होते अगदी तसेच. मी तसे म्हटल्यावर त्याने ते विकायचे आहेत का, असे अदबीने विचारले; असे पाने आता सहजी मिळत नाहीत म्हणाला. हैदराबादला परतल्यावर पेटी काढून पुसली. कोणता पाना कुठल्या बोल्टला लागतो, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही. त्याचा पत्ता माझ्या वहीत आहे. पाने अजून माझ्याकडेच आहेत.