माळशिरसच्या मुक्कामी फोन बंद पडला

वारीला निघताना पूर्वी म्हातारी माणसं विचारायची, घोंगडं घेतलं का, तांब्या घेतला का, औषधाची पुडी घेतली का. हल्ली सूनबाई विचारते, चार्जर घेतला का. हसण्यावारी नेऊ नका. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चालायला अठरा-एकोणीस दिवस. तेवढे दिवस घरदार, गुरं, शिवार मागं टाकून माणूस उघड्या रानात राहुटीत झोपतो. घराशी धागा तेवढा त्या फोनचाच. आणि राहुटीच्या बांबूला काही वीज फुटत नाही.

मी सांगतो ती वारी २०२३ सालची. ज्येष्ठ कोरडा ठाक. मृग नक्षत्र नुसतं तापून गेलं. पुण्याचा मुक्काम होता तोवर सगळं ठीक होतं, शहरात गल्लोगल्ली भिंतीला बटणं. खरा कस लागतो तो पुणं सोडल्यावर. पुणे ते सासवड ही सगळ्या वाटेतली मोठी मजल, त्यात दिवेघाटाची चढण. लाखाचा समाज एका घाटात. तिथं फोन लागत नाही, आणि न लागता बसत नाही, आतल्या आत टॉवर शोधत राहतो. या शोधाशोधीत बॅटरी भराभर जाते. सासवडला टेकलो तेव्हा आमच्या दिंडीतल्या निम्म्या मंडळींचे फोन मेलेले होते. आमच्यातला एक शहाणा मुलगा मात्र घाटाच्या पायथ्यालाच फोन विमानाच्या खुणेवर टाकून मोकळा झाला होता. त्याची बॅटरी सकाळी होती तेवढीच संध्याकाळी. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी त्याचा कित्ता गिरवला.

सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. गावोगावची माणसं वारकऱ्याला पाणी देतात, पिठलं-भाकरी देतात, पाय चेपतात. आता त्यात आणखी एका सेवेची भर पडली आहे. जेजुरीत एका घराच्या ओट्यावर लांब वायरीचा बोर्ड टाकलेला, त्यावर वीसेक फोन, आणि शेजारी घरची सासू काठी घेऊन राखणीला बसलेली. कुणाचा फोन कुणी नेऊ नये म्हणून तिनं प्रत्येकाला चिठ्ठी बांधली होती, गव्हाच्या पोत्याला बांधतात तशी. काही टपऱ्यांवर पैसे घेऊन चार्ज करून देतात, तेही वावगं नाही. पण तासभर तिथं ताटकळत बसावं लागतं, आणि दिंडी काही कुणासाठी थांबत नाही.

आमच्याकडे एक पॉवर बँक होती. तिच्यावर १०,००० चा आकडा. आमचे वीणेकरी म्हणाले, फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे दोन वेळा भरेल. हिशोब सरळ होता, पण तसा होत नाही. तो आकडा आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टचा. फोनला द्यायला ते ५ व्होल्ट करावे लागतात, त्यात काही वीज उष्णतेत जाते. हाती येतं ते सहा-साडेसहा हजारच. पाटाचं पाणी शेताच्या टोकाला पोहोचेतो मुरतं, तसंच हे. एक फोन पुरता भरेल, दुसरा जेमतेम पाव.

दिंडीतल्या एकानं वीस वॅटची सोलर प्लेट आणली होती. आधी आम्ही तिची थट्टा केली. फोन आमच्या खिशात चालतोय आणि प्लेट टेम्पोवर, मग जुळायचं कसं? पण त्यानं युक्ती केली होती. सामानाचा टेम्पो पहाटेच पुढच्या मुक्कामाला जायचा. तिथं तो दिवसभर प्लेट उन्हात मांडून पॉवर बँक भरायचा, बँक स्वतः सावलीत. रात्री बँकेवरून फोन. कडक उन्हात प्लेटला पंधरा वॅटपर्यंत मिळायचे. एकदा लिंबाच्या फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तर निम्म्याहून अधिक काम बसलं. आणि आभाळ गच्च भरलं की पाचवा हिस्साही मिळायची मारामार. आषाढातल्या वारीला नुसत्या प्लेटच्या भरवशावर जाऊ नये, हे मी स्वतः बघितलं म्हणून सांगतो.

फलटणच्या मुक्कामी घोटाळा झाला. टेम्पोच्या बॅटरीला इन्व्हर्टरची पेटी लावून रात्री सोळा फोन जोडले. इंजिन बंद. पहाटे चार वाजता चालकानं किल्ली फिरवली तर नुसती टिकटिक. स्वयंपाकाची भांडी, पीठ, सरपण सगळं टेम्पोत, आणि टेम्पो जागेवर. मंडळींनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली, पण पुढच्या गावात चहा मिळेतो ऊन चढलं. हिशोब नंतर बसून केला. एक मोठा फोन पूर्ण भरायला, पेटीतली गळती धरून, बारा व्होल्टच्या बॅटरीतून अडीच अँपिअर-तास जातात. सोळा फोन म्हणजे चाळीस. टेम्पोची बॅटरी साठ-सत्तरची. निम्म्याच्या खाली गेली की स्टार्टरला ओढ राहत नाही, आणि असं वारंवार केलं तर बॅटरीच नासते. ट्रॅक्टरचंही तसंच. इंजिन चालू असताना गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटात लावायचा चार्जर घालावा, तो व्होल्ट उतरवून देतो. बॅटरीला वायरी चिकटवून थेट फोन लावण्याचा शहाणपणा कुणी करू नये, फोन जळतो.

२०२४ पासून आमच्या दिंडीत हे काम एकाच माणसाकडे दिलं आहे. चालत्या गाडीतच फोन लावायचे, एका राहुटीत निदान एक फोन रात्री भरलेला असलाच पाहिजे, आणि प्रत्येकाच्या पिशवीत घरचा व दिंडीचा नंबर कागदावर, प्लॅस्टिकात गुंडाळून. हा कागदाचा नियम माझ्यामुळे झाला. त्याची हकिकत अशी.

बरडला होतो तेव्हा घरून फोन आला. आमच्या शिवारात दोन रात्री चांगला पाऊस झाला होता. मंडळी म्हणाली, "वापसा आला की सांगते, मग काय ते ठरवू." सोयाबीनची पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असं कृषी खातं सांगतं, आणि वापसा गेला की जमीन धरत नाही. पेरलं आणि पाऊस दडला तर दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे पाण्यात. मी म्हटलं, फोन कर, मी आहे.

दुसऱ्या दिवशी नातेपुत्यापुढं पुरंदवड्याचं गोल रिंगण. अश्व धावले, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, धूळ आभाळाला. मी हात वर करून सगळं फोनात धरत राहिलो. अश्व दृष्टीआड झाले तरी माझं चालूच. माळशिरसला पोहोचलो तेव्हा फोन काळा पडला होता. संध्याकाळी वादळी सर आली, वीज गेली, पॉवर बँक प्लेटवर अर्धीही भरलेली नव्हती आणि ती आजारी माणसाच्या फोनला लावलेली. माझ्या फोनचं भोक ओलं झालेलं, ते वाळल्याशिवाय पिन घालायची नाही एवढी अक्कल होती. शेजारच्या राहुटीतली आजी म्हणाली, "माऊली, माझ्या डबड्यावरून लावा की." तिचा साधा बटणाचा फोन फलटणला एकदा भरलेला, अजून दोन रेघा शिल्लक. मी फोन हातात घेतला आणि थबकलो. मंडळीचा नंबर मला पाठच नव्हता. वीस वर्षांचा संसार, आणि दहा आकडे येईनात.

रात्रभर झोप नाही. सकाळी चालताना भजनात तोंड हलत होतं, मन शिवारात. वेळापूरला एका घराच्या पडवीत फोन लावला, जीव आला तसे मिस कॉलचे सात मेसेज खणखणले. लावला.

"पेरलं," ती म्हणाली. "काल दुपारीच. खुरप्यानं उकरून बघितलं, वीतभर ओल होती. तीन बॅगा गेल्या. तुमची वाट बघत बसले असते तर वापसा उडाला असता."

मी म्हटलं, "आणि पाऊस दडला तर?"

"दडला तर दडला. तुम्ही वाखरीला पोहोचलात की सांगा. आणि फोन ठेवा आता, चार्जिंग जपा."