थांबण्याची परीक्षा

यंत्र चालते की नाही एवढीच चौकशी करून ते हाती घेण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे विहिरीवरच्या पंपापासून मळणीयंत्रापर्यंत सर्वत्र रूढ आहे, तो चेनसॉच्या बाबतीत नेमका उलटा करावा लागतो. कारण सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने धावणारी तिची दातेरी चेन धावेल की नाही ही शंका क्वचितच येते, शंका घ्यायची ती ऐन वेळी थांबेल की नाही याची. कोकणात आम्ही या यंत्राला कटर म्हणतो, आणि झाडकामाच्या धंद्यात ‘एका झटक्यात चालू होतो’ ही कटरची सर्वश्रेष्ठ शिफारस समजली जाते. मला ती नेहमीच अपुरी वाटत आली आहे.

सकाळी मशीन बंद असतानाच मी तपासणीस आरंभ करतो. हातमोजा घालून चेन बारवरून, म्हणजे ती जिच्याभोवती धावते त्या लांबट पट्टीवरून, ओढून पाहावी. ती सहज सरकली पाहिजे, पण बारच्या खालच्या कडेपासून लोंबता कामा नये, कारण सैल चेन खाचेतून उतरते. उतरलेली वा तुटलेली चेन मागच्या हातावर येऊ नये म्हणून बारच्या बुडाशी एक लहानसा आकडा बसवलेला असतो. तो मोडला तरी कटर पूर्ववत सुरू होतो आणि पूर्ववत कापतो, त्यामुळे त्याच्या अभावाची तक्रार कोणी करीत नाही. मुठीवरची कळ दाबल्याखेरीज रेसचा घोडा दबता कामा नये. ही कळ चिकटपट्टीने कायमची दाबून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत, आणि ‘बोट दुखते’ याहून मोठे कारण त्यामागे नव्हते.

दातांपाशी मात्र घाई करू नये. 1946 साली अमेरिकेतील ऑरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंधा पोखरणाऱ्या भुंग्याची अळी न्याहाळली, ती आपला जबडा डावीकडे-उजवीकडे चालवून लाकडाच्या आडव्या-उभ्या दोन्ही अंगांनी सारखीच वाट काढते हे ताडले, आणि त्या धर्तीवर आळीपाळीने डावे-उजवे वळलेले दात घडवले. आज आमच्या हाती असलेली चेन त्याच वंशातली. सागात सिलिका असते, माडाच्या बुंध्याचे बाहेरचे तंतू कठीण असतात. दोहोंनीही धार लवकर मरते, आणि मग भुशाच्या सळसळीत कपच्यांऐवजी पीठ पडू लागते. अशा वेळी माणूस कटर लाकडावर दाबू लागतो. कानस मारतानाही एक गफलत सर्रास होते : प्रत्येक दातापुढे जो उंचवटा असतो, तो दाताने किती खोल चावावे याची मर्यादा ठरवतो, आणि ‘जास्त कापेल’ या लोभाने तो प्रमाणाबाहेर घासला की दात लाकडात अडकतो, कटर उसळण्याचा धोका वाढतो.

उसळी बहुधा बारच्या टोकाच्या वरच्या चतकोरातून येते. तेवढा भाग नकळत फांदीला टेकला की बार क्षणार्धात मानेच्या दिशेने वर येतो. विचार करण्यास अवधी मिळत नाही. म्हणूनच पुढच्या मुठीसमोरील ढाल, जी मनगटाने पुढे ढकलली की ब्रेक लागतो, तिची खातरजमा केल्यावाचून मी बुंध्याला हात लावीत नाही. ब्रेक लावून, कटर जमिनीवर पायाखाली घट्ट धरून सुरू करावा. मग ब्रेक सोडून घोड्यावरचे बोट काढावे. इंजिन संथ चालत असता चेन तसूभरही सरकता कामा नये. सरकत असेल तर कार्ब्युरेटर जुळवून घ्यावा, आणि तरीही सरकली तर क्लच तपासून घ्यावा. माझ्या मते सगळ्या परीक्षांत ही सर्वांत उपेक्षित. गर्जना करणाऱ्या कटरला सगळे भितात, पण संथ गुरगुरणाऱ्या कटरला मांडीशी धरून फांद्यांतून वाट काढतात. त्यानंतर दोन्ही हातांची पकड न सोडता पूर्ण रेस द्यावी आणि डाव्या मनगटाने ढाल लोटावी. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. ‘जवळजवळ थांबली’ हा शेरा येथे ग्राह्य नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुपारी-माडांच्या वाड्या आडव्या झाल्या, आंबे-फणस कौलांवर कोसळले, आणि मिळेल तेथून भाड्याने कटर आले. त्यांतले काही ढालीविना होते. विचारले तर ‘मध्ये येते म्हणून काढली’ असे सहज उत्तर मिळे. ज्याची नेमणूकच मध्ये येण्यासाठी झाली, त्याच्यावर हा ठपका! असे कटर मी घेतले नाहीत. उशिराबद्दल बोलणी मात्र ऐकली.

अखेरीस बारचे टोक मोकळ्या, फिकट फळीसमोर धरून रेस दिली की फळीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास तेलाचे छिद्र बहुधा भुशाने बुजलेले असते. एवढे होईतो पाव तास जातो, आणि घरमालक दोनदा पडवीत येऊन जातात. मजुरीची वेळ मी या पाव तासापासूनच धरतो, आणि हे काम ठरवतानाच सांगून ठेवतो.