रफार कुठे गेला?

मागच्या डिसेंबरात शाळेच्या लायब्ररीच्या बाईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा पानांची पीडीएफ पाठवली. वर लिहिलं होतं, ‘बाद करावयाच्या ग्रंथांची यादी’. खाली बाईंचा मेसेज: ‘एकदा नजर टाकशील का? कॉम्प्युटरमधूनच काढली आहे.’

शाळा नाशिकमधली, माझीच. लायब्ररीची अर्धी खोली रोबोटिक्सच्या लॅबला द्यायची ठरली होती आणि त्यासाठी चार कपाटं रिकामी व्हायला हवी होती. निकष सरळ होता: कॅटलॉग ऑनलाइन झाल्यापासून ज्या पुस्तकांची एकदाही देवघेव झाली नाही, ती बाद. ऐकायला काही चुकीचं वाटत नाही. मीही कंपनीत वर्षभर कुणी हात न लावलेला कोड उडवतो आणि रात्री शांत झोपतो.

तिसऱ्या पानावर ‘मढेर्करांची कविता’ होतं. मी ते सरळ ‘मर्ढेकरांची’ असं वाचून पुढे गेलो. पाचव्या पानावर ‘दुदर्म्य’. तेही पुढे. सहाव्या पानावर ‘आचायर् अत्रे’ आलं आणि तिथे शेवटचा पाय मोडका ‘र्’ बघून माझ्या पोटात गोळा आला. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुगार् भागवत. सूयर्. विद्याथीर्. आणि ‘पयार्वरण’, कितीतरी वेळा ‘पयार्वरण’.

हा कॅटलॉग मी बनवला होता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी नाशिकला घरून काम करत होतो. नवी नोकरी, हातात वेळ, आणि शाळेसाठी काहीतरी करण्याची हौस. बाईंनी बरीच वर्षं खपून दाखल रजिस्टर श्रीलिपीत टाइप करून ठेवलं होतं. मी म्हटलं, हे सगळं ‘कोहा’वर टाकू, मुलं फोनवरून शोधतील. कोहा हे वाचनालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांसाठी ते तयार झालं आणि २००० मध्ये सगळ्यांना खुलं केलं गेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मीही शाळेला भेटच देत होतो, असा माझा समज.

अडचण श्रीलिपीची होती. तसल्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसते; आत वेगळेच कोड असतात. ते युनिकोडमध्ये आणायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चारतो त्या क्रमाने नाही. म्हणून ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येतो. तो मागे न्यावा लागतो. हे मला माहीत होतं, ते मी केलं. रफार मात्र अक्षर, काना, मात्रा सगळं झाल्यावर शेवटी येतो आणि तो उचलून पुढे आणावा लागतो. हे मी केलं नाही. रफार जिथे सापडला तिथेच ‘र्’ ठेवून दिला. त्यामुळे ‘पर्यावरण’चा रफार ‘य’वरून सरकून ‘व’वर जाऊन बसला.

तपासलं होतं की! विशाखा, नटसम्राट, ययाति, श्यामची आई, फकिरा, बटाट्याची चाळ, स्वामी, मृत्युंजय. सगळी व्यवस्थित आली. यांतल्या एकाही नावात रफार नाही, हे मला चार वर्षांनी यादी बघताना कळलं.

बाईंना लगेच सांगायला हवं होतं. मी ‘बघतो’ एवढंच लिहिलं आणि शनिवारी शाळेत गेलो.

करोनानंतर कपाटांना कुलपं लागली होती. मुलांनी फोनवर किंवा दारातल्या कॉम्प्युटरवर पुस्तक शोधायचं, चिठ्ठीवर बोधांक लिहायचा, मग बाई कपाट उघडणार. आमच्या वेळी आम्ही कपाटासमोर मांडी घालून बसायचो आणि ‘बाई, ते निळ्या कव्हरचं, कुत्रा असलेलं’ एवढ्यावर बाई पुस्तक काढून द्यायच्या. दाराशी नववीतली एक मुलगी होती. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतोय हे बघून तिने सांगितलं, “दादा, तिथे काही सापडत नाही. आपल्या लायब्ररीत पर्यावरणाचं एकही पुस्तक नाहीये.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. ‘कँटीनमध्ये आज समोसा नाही’ इतक्या सहज सांगत होती. पर्यावरणाचा प्रकल्प तिने नेटवरून उतरवून दिलाही होता.

त्या रात्री मी सर्व्हरचे लॉग उघडले. कोण शोधतंय ते त्यात कळत नाही, काय शोधलं ते कळतं. ‘पर्यावरण’. शून्य. ‘पर्यावरन’. शून्य. मग रोमन अक्षरांत ‘पर्यावरण’. शून्य. मग काही नाही. ‘सूर्यमाला’, ‘सुर्यमाला’, ‘सुर्य माला’, मग काही नाही. ‘गोदावरी नदीला पूर का येतो’ असा अख्खा प्रश्न, एकदाच. ‘कुसुमाग्रज नटसम्राट’, शून्य. पानंच्या पानं असंच. बहुतेक जण दोनदा, फार तर तीनदा प्रयत्न करतात आणि निघून जातात. आपलं स्पेलिंग चुकलं असेल, असं समजून मुलं स्वतःचं बरोबर लिहिलेलं चूक करून बघत होती. हे मला फार लागलं.

दोन आठवडे मी बाईंशी बोललो नाही. मूळ श्रीलिपीची फाइल सापडली तर रात्रीत सगळं दुरुस्त करून टाकीन, म्हणजे सांगावंच लागणार नाही, असा माझा हिशोब. पण शाळेचा जुना कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला आणि माझा तेव्हाचा लॅपटॉप मी विकलेला. जिथे शब्दाच्या शेवटी मोडका ‘र्’ होता, तिथे प्रोग्रॅमने चूक ओळखता आली. ‘पयार्वरण’ मात्र मशीनच्या दृष्टीने नीटच शब्द आहे. ‘मढेर्कर’ नावाचे कुणी असूही शकतात. अशी प्रत्येक नोंद पुस्तक हातात घेऊनच तपासावी लागणार होती, आणि ते एकट्याचं काम नव्हतं.

शेवटी गेलो. बाई खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या. मी सुरुवात करण्याआधीच त्या म्हणाल्या, “बघितलीस ना यादी? वाचतच नाहीत रे आता मुलं.”

मी सांगितलं. रफार, स्क्रिप्ट, लॉग, सगळं. त्यांनी लॉगचे छापील कागद घेतले आणि चष्मा लावून बराच वेळ वाचत बसल्या. मी बोलणी खायच्या तयारीत होतो.

“म्हणजे मुलं शोधत होती,” त्या म्हणाल्या.

मग त्या हेडमास्तरांकडे गेल्या आणि यादी परीक्षा होईपर्यंत थांबवून आल्या. आत काय बोलणं झालं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

जानेवारीपासून दर शनिवारी आठवी-नववीची दहा-बारा मुलं, त्यांचे फोन आणि ती अकरा पानं घेऊन आम्ही बसलो. काम असं: बाद यादीतलं एक पुस्तक कपाटातून काढायचं, ते आपल्याला हवं असतं तर फोनवर काय टाइप केलं असतं ते टाइप करायचं, आणि सापडलं नाही तर का नाही ते लिहायचं. मला वाटलं होतं, सगळा दोष माझ्या रफाराचा निघेल. तसं नव्हतं. दुसऱ्याच शनिवारी मुलांनी मला अशा गोष्टी दाखवल्या की नोकरीत सर्च बॉक्स बनवणाऱ्या माणसाने शरमेने मान खाली घालावी.

सगळ्यात मोठी गोष्ट गूगलने लावलेल्या सवयीची. गूगलला जितकं जास्त सांगाल तितकं ते समजून घेतं. कॅटलॉग समजून घेत नाही, तो फक्त जुळवतो. आणि तुम्ही दिलेला प्रत्येक शब्द एकाच नोंदीत असायला हवा, असा त्याचा हट्ट. ‘कुसुमाग्रज नटसम्राट’ला शून्य आलं कारण कविता कुसुमाग्रजांच्या नावावर आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या. माणूस एकच, तोही नाशिकचा, पण नाटकाच्या पुस्तकावर ‘कुसुमाग्रज’ छापलेलं नाही, म्हणून नोंदीत नाही. (दोन्ही नावं जोडणारी नोंद कोहात करता येते. ती मी केली नव्हती. आता केली आहे.) म्हणून शब्द कमी करा. नुसतं ‘नटसम्राट’. लेखक असेल तर नुसतं आडनाव, कारण नोंदीत ‘वि. वा.’ आहे, ‘वि.वा.’ आहे की ‘विष्णु वामन’ हे तुम्हाला माहीत नसतं.

मग आपली विभक्ती. ‘गोदावरी’ शोधलं तर ‘गोदावरीच्या’ सापडत नाही. आमच्या कॅटलॉगसाठी ते दोन निराळे शब्द आहेत. अशा वेळी शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे फुली द्यायची: ‘गोदावरी*’. किल्ल्यांसाठी ‘किल्ल*’ लिहिलं की किल्ला, किल्ले, किल्ल्यांची सगळे येतात. पाण्यासाठी ‘पाण*’. एका मुलाने ‘पाऊस’ला काय करायचं विचारलं. पाऊस, पावसाचा, पावसाळा. ‘पा’सोडून सामायिक काही नाहीच. ‘पा*’ने अर्धी लायब्ररी आली, पाककृतींसकट. तिथे दोन वेळा शोधण्याला पर्याय नाही: एकदा ‘पाऊस’, एकदा ‘पावस*’.

जुन्या छपाईची वेगळी गंमत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘जेव्हां’ तसंच आहे, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं असेल तसंच उतरवायचं हा ग्रंथपालांचा नियम. म्हणजे बाई बरोबर, मुलंही बरोबर, आणि निकाल शून्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हवं असेल तर नुसतं ‘रायगडाला’ टाका. ज्या शब्दात भांडण होण्याची शक्यता कमी, तो शब्द निवडायचा.

‘कऱ्हेचे पाणी’ने तर माझी परीक्षाच घेतली. त्यातला ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साध्या ‘र्’नंतर एक न दिसणारी खूण. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला निराळे. मुलांचे फोन पहिला वापरत होते, माझी स्क्रिप्ट दुसरा. वर लेखक ‘आचायर्’. हे पुस्तक माझ्याइतकं नीट कुणीच लपवलं नसतं. तरी एका मुलीने ते मिनिटभरात काढलं. कसं? ‘अत्रे’.

आणि एकदा एक पुस्तक सापडलं की तिथून परत फिरायचं नाही. त्याचा बोधांक बघायचा आणि त्या आकड्याने पुन्हा शोधायचं, कारण पुस्तकं वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी विषयाने शेजारी राहतात. ड्यूई पद्धतीत मराठी कविता ८९१.४६१, मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. मर्ढेकरांचं नाव कितीही बिघडलं तरी ते ८९१.४६१ मध्येच होते, कपाट क्रमांक सात. पर्यावरण मात्र एका जागी नाही: परिसंस्था ५७७ ला, प्रदूषण ३६३.७ ला, नैसर्गिक साधनसंपत्ती ३३३.७ ला. नववीतली ती मुलगी तीनही कपाटांसमोर जाऊन आली आणि पुस्तकं मोजली. आकडा तिने मला मोठ्याने सांगितला. तो इथे लिहायची माझी इच्छा नाही.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. हे मला बाईंनी सांगितलं, टोमणा म्हणून नाही, पण मला तो लागलाच.

मार्चपर्यंत अकरा पानांची चार झाली. ती चार खरोखर बाद करण्यासारखी होती: वाळवी लागलेली, किंवा जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं. रोबोटिक्स लॅब झाली. दोन कपाटं बाहेर व्हरांड्यात आली आणि व्हरांड्यात कुलूप लावत नाहीत, त्यामुळे मुलं पुन्हा कपाटासमोर मांडी घालून बसायला लागली. बाई मे महिन्यात निवृत्त होतायत. आता शनिवारी त्या सांगतात आणि मी नोंदीच्या ‘टीप’ या रकान्यात टाइप करतो: ‘निळं कव्हर, कुत्र्याची गोष्ट’, ‘शेवट दुःखी आहे, मुलं विचारतात’. ग्रंथालयशास्त्रात हे बसतं का, मी विचारलं नाही.

त्या नववीतल्या मुलीने ‘दुर्गा’ टाइप करून बघितलं. आलं. तिने ‘ऋतुचक्र’ नेलं आणि आठवड्याने परत आणलं. दोनच महिने वाचून झाले होते; अवघड आहे म्हणाली, पण पुन्हा माझ्याच नावावर करा. बाईंनी मागची तारखांची चिठ्ठी उघडली. वरपासून खालपर्यंत दाटीवाटीने शिक्के होते, २०१९ पर्यंत. त्यांनी त्याखाली नवा शिक्का मारला.