सीमेपलीकडचा प्रतिस्पर्धी

सिअ‍ॅटलहून व्हँकुव्हर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत ब्लेन गावाजवळ अमेरिका आणि कॅनडाची सीमा लागते. तिथे पीस आर्चची पांढरी कमान आहे आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची लांबलचक रांग असते. त्या रांगेत फिरायला निघालेली कुटुंबं असतात, तसे शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेला निघालेले खेळाडूही असतात. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे सिअ‍ॅटलच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलंही त्यांत दिसतात. मी हौशी खेळाडू आहे आणि खेळणाऱ्या मुलांची पालकही, त्यामुळे "घराजवळ इतक्या स्पर्धा असताना हा खटाटोप कशाला?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. ज्याला आपली खरी ताकद जाणून घ्यायची आहे, त्याने अधूनमधून अनोळखी माणसांशी खेळलंच पाहिजे. आणि सीमेजवळ राहणाऱ्याला ती माणसं सीमेपलीकडे सहज भेटतात.

या म्हणण्याला रेटिंगच्या गणिताचा आधार आहे. अर्पाद एलो यांनी मांडलेली पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने 1960 मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत 400 गुणांचा फरक असेल, तर वरच्याने 100 डावांत सुमारे 91 गुण मिळवावेत अशी तिची अपेक्षा असते. पण रेटिंगचा आकडा फक्त तुलना सांगतो. ज्या गटात तुम्ही खेळता, त्या गटापुरताच तो खरा. गट बंद राहिला की आकडे भरकटतात. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे व्हर्जिनियाच्या तुरुंगातला कैदी क्लॉड ब्लडगुड. तुरुंगातल्या मर्यादित प्रतिस्पर्ध्यांशी डावामागून डाव खेळत त्याचं अमेरिकन रेटिंग 1996 मध्ये 2702 वर पोचलं, म्हणजे कागदोपत्री तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू झाला. उलट्या दिशेनेही हे घडतं. जिथे झपाट्याने सुधारणारी मुलं खूप असतात, तिथे ती एकमेकांचे आणि मोठ्यांचे गुण ओढत राहतात आणि सगळ्यांचेच आकडे ताकदीपेक्षा खाली राहतात. मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एकदम वाढवली, 1500 असलेल्याचं 1700 केलं, ते ही घसरण दुरुस्त करण्यासाठीच. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणाऱ्या नॉर्मसाठी, म्हणजे ठरावीक दर्जाच्या कामगिरीसाठीही, काही अपवाद सोडले तर, प्रतिस्पर्ध्यांत किमान दोन परक्या देशांच्या संघटनांचे खेळाडू असावे लागतात. आपल्याकडे पैलवानाची किंमत परगावच्या फडात ठरते, तोच हा न्याय. पाच-सहा फेऱ्यांच्या स्पर्धेत नॉर्म मिळत नाही हे खरं, पण नियमामागचा विचार बाराशे रेटिंगच्या मुलालाही तितकाच लागू पडतो.

यावर यजमानांकडून एक तक्रार येते, आणि ती खोटी नाही. पाहुण्यांचं रेटिंग यजमानांच्या यादीत नसतं किंवा जुनं असतं. ते खालच्या गटात नाव घालतात, स्थानिकांचे गुण आणि बक्षिसाचे पैसे घेऊन परत जातात. अमेरिकन आणि कॅनेडियन संघटनांच्या रेटिंग याद्या वेगळ्या असल्यामुळे हे होऊ शकतं. पण यावर उपाय साधा आहे. नाव नोंदवताना खेळाडूने तिन्ही आकडे द्यावेत, आपल्या देशाचा, यजमान देशाचा आणि फिडेचा, आणि पंचांनी त्यांतला सर्वांत मोठा धरून गट ठरवावा. वरच्या गटात तर ही तक्रार टिकतच नाही. मॉन्ट्रियलला 1956 मध्ये पहिली कॅनेडियन ओपन झाली, तेव्हा ब्रुकलिनहून आलेला 13 वर्षांचा बॉबी फिशर आठव्या ते बाराव्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिला. त्या आठवड्यात त्याच्यासमोर बसलेल्या कॅनेडियन खेळाडूंचं काही नुकसान झालं असं कुणी आज म्हणेल का? खुद्द व्हँकुव्हरची जुनी आणि मानाची स्पर्धा एका पाहुण्याच्याच नावाने होते. एस्टोनियाचे ग्रँडमास्टर पॉल केरेस 1975 मध्ये तिथे खेळायला आले, जिंकले आणि मायदेशी परतताना 5 जूनला हेलसिंकीत त्यांचं निधन झालं. ती त्यांची शेवटची स्पर्धा. व्हँकुव्हरकरांनी पुढे आपल्या स्पर्धेला केरेस मेमोरियल हे नाव दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

दुसरा आक्षेप असा की, आता घरबसल्या साऱ्या जगाशी ऑनलाइन खेळता येतं, मग गाडी काढायची कशाला? ऑनलाइन खेळाचे उपकार मी मानते. ओपनिंगची तयारी त्यानेच होते. पण तिथे बहुतेक डाव तीन किंवा दहा मिनिटांचे. स्पर्धेत सहसा प्रत्येकाला 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद मिळतात. 60 चालींचा डाव चार तासांपर्यंत जातो. हत्ती आणि प्याद्यांच्या अंतिम अवस्थेत तिसऱ्या तासाला एक प्यादं कमी असताना बरोबरी वाचवणं, हे शिक्षण स्क्रीनवर मिळत नाही. डावानंतरचा भाग तर मला त्याहून मोलाचा वाटतो. सही केलेले कागद पंचांकडे देऊन दोघं हॉलबाहेर येतात, रेक्झिनचा पट उलगडतात आणि सोंगट्या परत मांडतात. अकरा वर्षांचं पोर साठीच्या माणसाला विचारतं, इथे घोडा का नाही घेतलात? तो माणूस काही न बोलता घोडा घेऊन दाखवतो, चार चालींनंतर वजीर अडकतो, आणि दोघंही मान हलवतात. तो माणूस ज्या क्लबात वाढला, तिथली समज अशी दुसऱ्या देशातल्या पोराकडे जाते.

खरा अडसर खर्चाचा, दमणुकीचा आणि कागदपत्रांचा आहे, तो मी नाकारणार नाही. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे आठ तास पटावर, आणि रविवारी रात्री पुन्हा तीच रांग. सुट्ट्याही जुळत नाहीत. केरेस मेमोरियल कॅनडाच्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला जोडून असते. तो 25 मेच्या आधीचा सोमवार, तर अमेरिकेचा मेमोरियल डे मे महिन्यातला शेवटचा सोमवार. म्हणजे इथल्यांना शाळा-नोकरीतून सोमवारची रजा काढावी लागते. आणि सर्वांत मोठी विषमता पासपोर्टची. अमेरिकेत जन्मलेलं मूल निळा पासपोर्ट दाखवून पलीकडे जातं, पण ग्रीन कार्ड नसलेल्या त्याच्या भारतीय पासपोर्टवाल्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा आधी मिळवावा लागतो आणि परतीच्या कागदांची चिंता वेगळीच. बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजीच्या स्पर्धांना एसटीने जाणाऱ्या मुलांच्या पालकांना याची कल्पना येणार नाही. तरीही यातून निघण्याची वाट न जाण्यात नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून जावं. व्हिसा असलेल्या एका पालकाने इतरांची मुलं न्यावीत, प्रत्येकाबरोबर आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र द्यावं. सीमेवर उशीर होण्याची भीती असेल, तर स्पर्धेच्या नियमात बसत असल्यास पहिल्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे न खेळता मिळणारा अर्धा गुण, आधीच मागून घ्यावा.

हे सगळं गृहीत धरता येत नाही, हे मार्च 2020 नंतर कळलं. कोविडमुळे अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी जमिनीवरची सीमा बंद झाली. लस घेतलेल्या अमेरिकनांसाठी कॅनडाने ती 9 ऑगस्ट 2021 ला उघडली आणि अमेरिकेने कॅनेडियनांसाठी थेट 8 नोव्हेंबरला. 2025 मध्ये दोन्ही सरकारांतल्या तणावामुळे गाडीने अमेरिकेत येणाऱ्या कॅनेडियनांची संख्या पुन्हा खूप घटली. त्यांची नाराजी मला समजते, आणि न येणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही. म्हणूनच यायला तयार असलेल्यांसाठी दार उघडं ठेवणं आयोजकांच्या हाती आहे. त्यांनी तारखा निदान तीन महिने आधी जाहीर कराव्यात, परदेशी खेळाडूचं रेटिंग कसं धरणार हे प्रवेशपत्रिकेतच छापावं आणि पहिल्या फेरीचा बाय द्यावा. आणि सीमेच्या जवळ राहणाऱ्या मराठी पालकांनो, मुलांचे पासपोर्ट आणि तुमचे व्हिसा आत्ताच तपासून घ्या. केरेस मेमोरियल मे महिन्यात असते.