आजींची नोट

गेल्या वर्षी एका रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामातील एक आजी बायबलात जपलेली, चौघडी घातलेली नोट घेऊन आल्या. “फादर, तुम्हाला जुन्या नोटांचा नाद लागलाय म्हणे. हिचं काही येईल का? नातीची नर्सिंगची फी भरायची आहे.”

नोटेवर मजकूर उर्दू. मूल्य मात्र मराठी, कानडी, तेलुगूतही. ती हैदराबाद संस्थानाची, उस्मानिया सिक्क्याची पाच रुपयांची नोट होती. सोलापूर इंग्रजी अमलात, तर जवळचे नळदुर्ग निजामाच्या. आजींचे वडील तेथे नोकरीस होते. तिकडे ‘हाली’, इकडे ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. १९१८ पासून संस्थानाच्या नोटा निघू लागल्या. १९५९ मध्ये हाली चलन संपले.

नोट नीटस दिसावी म्हणून त्या रात्री मी ती ओलसर करून तिच्यावर इस्त्री फिरवली, फाटक्या कडेला चिकटपट्टी लावली. नवशिक्याचा उत्साह!

मग जाणकारांना विचारले. नोटेचे वय म्हणजे तिची किंमत नव्हे. ती कोणी काढली, सही कोणाची, हे आधी पाहावे. सहीवरून काळ ठरतो. चिंतामणराव देशमुखांची सही असलेली रिझर्व्ह बँकेची नोट १९४३ ते १९४९ या काळातली. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची. तिच्यावर वित्त सचिवांची सही. मग नोट उजेडात धरून जलचिन्ह पाहावे; घड्या, टाचणीची भोके, डाग तपासावेत. भाव जाहिरातीतल्या आकड्यावर नव्हे, तशाच स्थितीतील नोट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली, त्यावर ठरतो. आणि धुतलेली, इस्त्री केलेली, चिकटपट्टी लावलेली नोट जाणकार लगेच ओळखतो. तिचा भाव उतरतो.

एरवी इतरांचे पापनिवेदन ऐकणारा मी पुढच्या रविवारी आजींसमोर उभा राहिलो. “आजी, चूक माझी. नोटेची किंमत मी घालवली.”

त्यांनी नोट उलटसुलट करून पाहिली. “किमतीचं जाऊ द्या, फादर. ती चौघडी माझ्या आईनं घातली होती.”

मला उत्तर सुचले नाही. नातीची फी आम्ही काही जणांनी मिळून भरली. नोट बायबलात परत गेली. आता कोणी जुनी नोट आणली, की मी प्रथम हात धुऊन कोरडे करतो, ती कोणी जपली ते विचारतो, आणि जशी आहे तशीच ठेवतो.