वळण

मुलांना वळण लावणे हा माझा पेशा. वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांच्या अक्षराला नि वागण्याला वळण लावीत आलो. घरच्या चिरंजिवांच्या बाबतीत मात्र वळण म्हटले की मला रस्त्यावरचेच वळण आठवे. अठराव्या वर्षी त्याच्या हाती मोटारसायकल आली, आणि रात्री तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येईपर्यंत त्याच्या आईने अंथरुणाला पाठ टेकणे सोडले. मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. "बाबा, वेग म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक तरी आहे का?" त्याने एकदा विचारले. प्रश्न उद्धट होता, पण गैरलागू नव्हता.

माझा मेहुणा चेन्नईजवळ मोटारींच्या कारखान्यात असतो. बहिणीने त्याला फोनवर सगळे सांगितले असावे. "दाजी, दोघेही इकडे या. राहिलेला दिवाळसण समजा," असे म्हणून त्याने आम्हां बापलेकांची नावे शर्यतीच्या ट्रॅकवरच्या एका दिवसाच्या शिकवणीत घालूनच टाकली.

हा ट्रॅक चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इरुंगट्टुकोट्टई येथे आहे. (हे नाव न अडखळता म्हणता येणे ही मला पहिली परीक्षा वाटली.) मद्रासच्या शर्यती पूर्वी शोळावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर होत, १९९० मध्ये हा खास ट्रॅक सुरू झाला. लांबी ३.७ किलोमीटर, वळणे १२. रस्ता जिथून निघतो तिथेच परत येतो, आणि समोरून कोणी येत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांची सवय असलेल्या माणसाला एवढे सुखही पुष्कळ झाले.

आमचे गुरुजी पंचविशीतले. ते मला 'सर' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे. चिरंजीव हेल्मेटच्या आत हसत. पहिला तास गाडी जागची हललीच नाही. पाठ सीटला चिकटलेली हवी, हात चाकावर घड्याळातल्या नऊ नि तीनवर हवेत. मग ब्रेक. जोराने, पण गाडी सरळ असताना, वळायच्या आधी. "वेग कोणीही घेतो, सर. तो सोडायला शिकायचे." वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे शास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकात मी वाचले होते; ताशी शंभरावर ते पोटात कळले.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. चार तळहातांवर सगळा संसार! त्यांच्यापाशी पकड ठरावीकच असते, मास्तराच्या पगारासारखी. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळणाला काही उरत नाही. म्हणून वळणात शिरायचे ते बाहेरच्या कडेने, मध्ये आतली कड गाठायची, पुन्हा बाहेर. अशाने वाकडा रस्ता शक्य तेवढा सरळ होतो. सगळ्यांत अवघड काम डोळ्यांचे. भिंत दिसली की नजर भिंतीकडे धावते, आणि हात नजरेमागे जातात. "जायचे आहे तिकडे बघा!" गुरुजी सारखे ओरडत. वर्गात 'फळ्याकडे बघा' म्हणणारा मी मुकाट्याने पुढल्या वळणाकडे बघू लागे.

आणि मग एका फेरीला ते जमले. ब्रेक, वळण, आतली कड, आणि गाडी आपणहून बाहेर झेपावली. समोर मोकळा सरळ रस्ता. छातीत काहीतरी हलके हलके होत गेले. शाळा, कर्ज, अर्धी राहिलेली कादंबरी, सारे मागे. त्या क्षणी मला माझ्या मुलाचा राग आला नाही, हेवा वाटला. हे सुख त्याला रोज संध्याकाळी खुणावत असणार, आणि मी त्याला 'सावकाश जा' एवढे दोनच शब्द देत आलो होतो.

चिरंजिवांच्या फेऱ्या मोठ्या आवाजाच्या झाल्या. टायर किंचाळत होते. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवून स्वतः एक फेरी मारली. उतरला तेव्हा पोराचा चेहरा पडला होता. "बाबा, टायर ओरडतच नव्हते," तो म्हणाला. "आणि तरी किती पुढे होते ते!"

शेवटची फेरी सावकाश मारायची असते, ब्रेक निवावेत म्हणून. गाडी उभी केल्यावरही हँडब्रेक ओढायचा नाही, नुसती गिअरमध्ये ठेवायची. निघताना गुरुजींनी बजावले, "ट्रॅकवरची ही रेषा गावाकडच्या रस्त्यावर विसरायची. तिथे अर्धा रस्ता दुसऱ्याचा."

गेल्या महिन्यात रत्नागिरीहून आम्ही कोल्हापूरला परतत होतो. आंबा घाटात अंधार पडला होता, चाकावर चिरंजीव. प्रत्येक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच, वेग अलगद उतरे. डावी बाजू काही त्याने सोडली नाही. मला काहीतरी बोलायचे होते. पण मागच्या सीटवर त्याची आई झोपली होती.